उधाण पाहणारे

१४९७चा डिसेंबर नुकताच लागला होता. वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडून एका उपसागरात नांगर टाकून होती. गोडं पाणी भरायचं, किनाऱ्यावरच्या लोकांकडून मिळालं तर एखादं जनावर घ्यायचं आणि पुढे निघायचं, असा बेत. मोहिमेवरच्या एका माणसाने ठेवलेली रोजनिशी शिल्लक राहिली आहे. तीत या मुक्कामाची एक नोंद सापडते. उपसागरातल्या एका बेटावर सीलचे कळपच्या कळप होते. खलाशी एके दिवशी मौजेखातर तिकडे गेले, लहानमोठी मिळून तीन हजार जनावरं मोजली, आणि होडीतूनच त्यांच्यावर तोफा डागल्या. नोंद तिथेच संपते. पुढे गाढवासारखं ओरडणाऱ्या, उडता न येणाऱ्या पक्ष्यांची गंमत सांगितली आहे.

पुढच्या मे महिन्यात हीच माणसं कालिकतला पोचली आणि आपल्या किनाऱ्याचा इतिहास बदलला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. परतीची हकीकत मात्र फारसं कुणी वाचत नाही. मार्च १४९९मध्ये जहाजं पुन्हा त्याच उपसागरात थांबली. आता माणसं मेली होती, उरलेली खंगली होती. या वेळी त्यांनी सील आणि पेंग्विन मारले ते मिठात घालून पुढच्या वाटेच्या शिध्यासाठी.

जागा तीच, मारणारे तेच, मरणारेही तेच. सीलच्या बाजूने पाहिलं तर या दोन मारण्यांत फरक करण्यासारखं काहीच नाही. माणसाच्या बाजूने आहे, आणि शिकारीवरचे आजचे सगळे वाद त्या फरकाभोवतीच घोटाळत असतात असं मला वाटतं.

त्याच किनाऱ्याने अटलांटिकच्या अंगाने वर गेलं की नामिबियाचं वाळवंट लागतं. दिओगो काँव या पोर्तुगीज दर्यावर्द्याने १४८६च्या सुमारास तिथे एक दगडी क्रूस रोवला. त्यावरून जागेचं नाव पडलं केप क्रॉस. आज तिथे सीलची प्रचंड वसाहत आहे. दर वर्षी जुलै उजाडला की सरकारने ठरवून दिलेल्या संख्येइतकी पिल्लं दांडक्याने डोकं फोडून मारली जातात. कातडं जातं, चरबी जाते. काम पहाटे उरकतात, वाळू साफ करतात आणि मग उन्हं चढल्यावर त्याच वसाहतीचं फाटक पर्यटकांसाठी उघडतं. तिथून दीडेकशे किलोमीटर दक्षिणेला, वॉल्विस बेजवळ, वाळूची एक लांब जीभ समुद्रात शिरलेली आहे. २००८ साली उपग्रहाची छायाचित्रं चाळताना एका हौशी माणसाला तिथे एक लाट दिसली. ती किनाऱ्याला समांतर धावते, पोकळ नळीसारखी वळते आणि जुळून आलं तर दोन किलोमीटरपर्यंत मोडत नाही. त्यानंतर जगभरातले सर्फर पाटी बगलेत मारून या ओसाडीत येऊ लागले. त्यांच्या आजूबाजूला पाण्यात सील डोकी वर काढून बघत असतात. लाटेवर खेळण्यात सील माणसापेक्षा किती तरी सरस. त्याला पाटी लागत नाही.

सीलच्या या शिकारीविरुद्ध जगभर ओरड झाली. युरोपीय संघाने २००९मध्ये सीलपासून केलेल्या मालाच्या व्यापारावर बंदी घातली. नामिबियाचं म्हणणं साधं आहे: सील आमचे मासे खातात, आमच्या माणसांचा रोजगार बुडतो, आणि ज्यांच्या देशात डुकरं कारखान्यात कापली जातात त्यांनी आम्हाला शिकवू नये. शेवटचा मुद्दा उत्तर म्हणून कच्चा आहे; स्वतःच्या दांडक्याबद्दल तो काहीच बोलत नाही. प्रश्न म्हणून मात्र तो टाळता येत नाही.

हा किनारा वाळवंट का झाला, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. दक्षिणेकडून येणारा थंड प्रवाह आणि वाऱ्याने खालून वर उपसलं जाणारं थंड पाणी, यांच्यामुळे तिथल्या समुद्राची वाफ फारशी होत नाही. धुकं येतं, पाऊस येत नाही. पण खालून येणाऱ्या त्याच पाण्यात क्षार असतात. त्यांवर शेवाळ पोसतं, शेवाळावर लहान मासे, त्यांच्यावर मोठे मासे, पक्षी, सील. जमीन उपाशी ठेवणारं पाणी समुद्राला भरभरून वाढतं. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर नेमका हाच प्रकार आहे: थंड प्रवाह, कोरडी वाळू, माशांची रेलचेल.

गिरगाव-दादरच्या माणसाला याचं काय, असं कुणी विचारेल. तर त्या दुसऱ्या वाळवंटी किनाऱ्याचे काही रहिवासी भायखळ्याला राहतात. २०१६च्या जुलैत सेऊलहून राणीच्या बागेत आठ हंबोल्ट पेंग्विन आणले. त्यांचं कूळ पेरू-चिलीचं. पुढच्या वर्षी ते लोकांसाठी खुले झाले आणि लालबाग-परळची पोरं रविवारी रांगा लावू लागली. आत पेंग्विनांना गारवा, बाहेर रांगेत आम्ही घामाघूम. त्यांच्या खर्चावरून महापालिकेत आणि विधानसभेत जे रणकंदन झालं त्यात पेंग्विन हा विषय फार थोडा होता, हे सांगायला नकोच. मला तिथे काचेपुढे उभं असताना वेगळंच काही आठवत राहतं. या पक्ष्यांच्या मूळ किनाऱ्यावर, पेरूमध्ये वांचाको नावाचं गाव आहे. तिथले मच्छीमार लव्हाळ्यांची मोळी बांधून केलेल्या, टोक वर वळलेल्या चिंचोळ्या होड्यांवर बसून समुद्रात जातात. अशा होड्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोचे संस्कृतीच्या मातीच्या भांड्यांवर काढलेल्या आहेत. मासे घेऊन परतताना ते लाट धरतात आणि तिच्या पाठीवरून थेट वाळूला लागतात.

लाटेवर स्वार होणं तिथे कामाचा शेवटचा टप्पा होता. मजा येत नसेल असं मी म्हणणार नाही, येतच असणार. पण ज्याने मासा मारला तोच लाटेवर आला. खेळणारा आणि मारणारा ही एकाच अंगातली दोन माणसं होती. पुढे कधी तरी ती वेगळी झाली. एकाच्या हातात पाटी आली, दुसऱ्याच्या हातात दांडकं राहिलं, आणि पहिला दुसऱ्याला म्हणाला, किती क्रूर आहेस तू.

मुंबईत ही फारकत पाहायची असेल तर पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला जावं. आपल्याकडे सर्फिंगला लागते तशी लाट नाही. मुंबईसमोरचा समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर उथळ पसरलेला, दुरून आलेल्या लाटेचा जोर वाटेतच ओसरतो. पण जून ते सप्टेंबर उधाणाचे दिवस असतात. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधी जाहीर करते, वर्तमानपत्रं तो तक्ता छापतात. २६ जुलै २००५ला आभाळ फाटलं आणि वर भरती आली, तेव्हापासून हा तक्ता शहराला पाठ झाला. तो धोक्याचा म्हणून छापतात. लोक तो नाटकाच्या जाहिरातीसारखा वाचतात. वेळ साधून कठड्यावर गर्दी जमते. लाट चौपायी दगडांवर आपटते, वर उसळते, रस्त्यावर येते. भिजलेली माणसं किंचाळतात, कणीस खातात, पोलीस शिट्ट्या मारतात. मीही त्या गर्दीत उभा राहिलेलो आहे आणि त्या किंचाळण्यात माझाही आवाज होता.

त्याच वेळी वरळीच्या, माहीमच्या, कुलाब्याच्या कोळीवाड्यांत होड्या वर ओढून, ताडपत्र्या बांधून ठेवलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी. त्याच्या किती तरी आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याचा रिवाज. माशांच्या विणीचा काळ, हे कारण आपण आता पुस्तकातून सांगतो. कोळ्याला उधाण बाराही महिने मोजावं लागतं. बोंबील, जवळा, मांदेली ज्यात मिळतात ते डोल जाळं म्हणजे तोंड उघडं ठेवून प्रवाहात रोवलेली लांबलचक पिशवी. ती कुणी ओढत नाही. पाणी वाहतं, मासळी पाण्याबरोबर आत येते, आणि पाणी उलटायच्या आत जाळं उचलावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते म्हणून मासळी. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी सुस्त, जाळंही सुस्त. वर्तमानपत्रातला तो तक्ता त्याच्या घरात पंचांगाच्या जागी असतो.

दोघं एकाच पाण्याकडे पाहतात. पाहण्यातल्या फरकाला कारण आहे, आणि ते कोळ्याचं मन कठोर असणं हे नव्हे.

प्राण्यांवरच्या दयेचा वाद या शहराला नवा नाही, उलट शहराच्या पायाभरणीतच तो आहे. १८३२च्या जूनमध्ये कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून मुंबईत दंगल उसळली. पारशांना कुत्रा पवित्र. ते रस्त्यावर आले, दुकानं बंद झाली, गोऱ्या साहेबांच्या पाव-पाण्याचे वांधे झाले. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी माधवबागेजवळ पांजरापोळ काढली: म्हातारी, लुळी, टाकलेली जनावरं तिथे मरेपर्यंत पोसायची. गिरगावच्या अंगाला ती अजून आहे. बाहेर गवताच्या पेंढ्या विकायला असतात, येताजाता माणसं पुण्य म्हणून गायीला घास घालतात. मला ही संस्था मनापासून आवडते. आणि तरी हेही सांगायला हवं की जमशेटजींची संपत्ती कापसाची होती आणि चीनला जाणाऱ्या अफूची होती. कँटनला ती अफू ओढून जे संपले त्यांच्यासाठी कुणी पांजरापोळ काढली नाही. जमशेटजी ढोंगी होते असं मला म्हणायचं नाही. दया त्यांची खरीच होती. ती नजरेच्या टप्प्यातल्या जनावराला पोचली, आणि दर्यापारच्या माणसापर्यंत गेली नाही.

२०२५च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली तेव्हा हेच नाटक नव्या संचात झालं. न्यायालयाचे आदेश, श्वसनाच्या रोगांची डॉक्टरांची साक्ष, जैन समाजाचा मोर्चा, फाडलेली ताडपत्री. कबुतराला चणे घालणारा सकाळी दहा मिनिटांत पुण्य करून आपल्या घरी जातो. त्या पुण्याची पिसं आणि विष्ठा आजूबाजूच्या चाळींच्या खिडक्यांत राहतात. दयेचा खर्च कुणाच्या खात्यात पडतो, हे विचारणं असभ्यपणाचं समजलं जातं. का ते मला कळत नाही.

शिकारी आणि निरीक्षक ही जातच मुळात वेगळी, असं मानणाऱ्यांनी खेतवाडीची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिरगावजवळच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या एका पोराने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. खावी की नाही हे ठरवण्यासाठी ती कुठली, हे कळायला हवं होतं. म्हणून मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. मिलर्डने पक्षी ओळखला आणि कपाटं उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण पोराला दाखवले. तो पोरगा म्हणजे सालिम अली. १८८३मध्ये ही सोसायटी ज्यांनी काढली त्यांत शिकारीचा षौक असणारे होतेच, आणि पुढची कित्येक दशकं पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे आधी तो पाडणं, हेच होतं. आज दुर्बीण घेऊन शिवडीला रोहित पाहायला जाणारा जे ओळखपुस्तक उघडतो, त्याच्या पानांखाली बंदुकीची दारू आहे. मरणाच्या जवळ जाऊन आलेलं ज्ञान आपण नंतर धुऊन वापरतो.

आता समुद्राकडे परत येतो. आपल्या पाण्यात सील नाही. त्याच्या जागी ज्याच्यावरून वाद झाला तो प्राणी आहे देवमासा म्हणावा एवढा थोरला मुशीचा प्रकार, व्हेल शार्क. चाळीस फुटांपर्यंत वाढतो, तोंड गुहेएवढं, आणि खातो काय तर पाण्यातले बारीक जीव. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची शिकार चाले. यकृताचं तेल होड्यांना लावायला, मांस आणि पर परदेशी. २०००च्या सुमारास माइक पांडे यांनी त्यावर माहितीपट केला, आणि २००१मध्ये व्हेल शार्क वाघाच्या बरोबरीने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला. त्याच वर्षी सरकारने एक पाऊल पुढे टाकून झाडून साऱ्या मुशी आणि पाकट यांच्यावर बंदी घातली होती. मच्छीमारांनी असा काही आकांत केला की वर्ष संपायच्या आत ती मागे घ्यावी लागली आणि संरक्षित जातींची यादी दहावर आली. करवतीसारख्या तोंडाचे मासे तीत राहिले; बाजारातली मुशी सुटली.

कायद्याने बंदी होते, पण जाळ्यात सापडलेला आठ-दहा टनांचा जीव सोडणार कोण? गुजरातेत २००४पासून संत मोरारीबापूंनी ते काम हातात घेतलं. त्यांनी मच्छीमारांना सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. लेकीला कुणी मारतं का? हा दृष्टांत लागू पडला. ज्यांनी काल भाले मारले ते आज जाळी कापू लागले. शेकडो मासे सुटले. प्राणिशास्त्राच्या दहा व्याख्यानांनी जे झालं नसतं ते एका नात्याने झालं. दयेला चेहरा लागतो, आणि चेहरा नसेल तर नातं लावून द्यावं लागतं.

सीलच्या पिल्लाला चेहरा आयताच मिळालेला आहे. मोठे, काळे, ओलसर डोळे. आईचा शोध घेत केलेला बाळासारखा आवाज. जगभरच्या मोहिमांनी ते डोळे पोस्टरवर लावले आणि पैसा उभा राहिला. बोंबलाचं पोस्टर कोण लावणार? ससून डॉकला पहाटे पाच वाजता जाऊन पाहावं. १८७५मध्ये बांधलेल्या या गोदीत ट्रॉलर लागले की बर्फाच्या चुऱ्यात पापलेट, सुरमई, कोळंबी निवडली जाते, आणि निवडून उरलेला ढीग बाजूला पडतो. त्याला कुटी म्हणतात. त्यात बोटभर लांबीची पिल्लं असतात, ज्यांचं नाव मिळण्याइतकं वय झालेलं नाही; खेकडे, म्हाकूल, लहान पाकट, सगळं एकमेकांत चेंगरून राखाडी झालेलं. तो ढीग फावड्याने भरतात. तो माशांच्या कुटाच्या कारखान्यात जातो आणि कोंबड्यांचं, कोळंबीचं खाद्य होतो. केप क्रॉसला वर्षभरात मरणारी पिल्लं मोजता येतात. इथे एका फावड्यात किती आली हे मोजायला कुणी उभं नसतं. २०१७च्या अखेरीस याच गोदीत एक मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. भिंती रंगवल्या होत्या, चांगल्या रंगवल्या होत्या. बघायला आलेल्यांपैकी पुष्कळांनी वासासाठी नाकावर रुमाल धरला होता.

कायद्यालाही चेहरा लागतो, फक्त तो त्याला परिशिष्ट म्हणतो. किनारी रस्त्याच्या भरावात हाजी अली आणि वरळीचे खडक गेले, तेव्हा तिथे प्रवाळाच्या अठरा वसाहती सापडल्या. प्रवाळ पहिल्या परिशिष्टातला. म्हणून २०२०मध्ये परवानग्या काढून, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या अलगद सोडवून दुसरीकडे लावण्यात आल्या. उत्तम झालं. त्याच खडकांवर ओहोटीला कोळणी कोयतीने कालवं काढायच्या. कालव कुठल्याच परिशिष्टात नाही, आणि ते काढणारी बाईही नाही. वरळीच्या मच्छीमारांचं भांडण याच रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधल्या अंतराचं होतं. आराखड्यात ते ६० मीटर होतं. वाऱ्यात, ओढीच्या पाण्यात एवढ्या फटीतून होडी काढणं म्हणजे जिवाशी खेळ, असं ते सांगत राहिले. समुद्रात होड्या आडव्या घालून काम अडवलं तेव्हा कुठे २०२२च्या अखेरीस १२० मीटर कबूल झाले. आज त्या रस्त्यावरून गाडीने जाताना डावी-उजवीकडे समुद्र फार सुंदर दिसतो.

मग बरोबर काय? माझं मत असं झालं आहे की दयेची परीक्षा तिच्या तीव्रतेवर घेऊ नये, तिची किंमत कुणी मोजली यावर घ्यावी. कठड्यावरच्या माणसाला व्हेल शार्कबद्दल कितीही उमाळा आला तरी त्याच्या खिशातून काही जात नाही. जाळं कापणाऱ्या तांडेलाचं जातं. जाळं गेलं, त्यातली मासळी गेली, डिझेल गेलं, खलाशांचा दिवस बुडाला. महाराष्ट्रात २०१८च्या शेवटापासून वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची एक योजना आहे: संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं तर फोटो आणि अर्ज देऊन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. कासवं, डॉल्फिन, व्हेल शार्क सुटले आहेत तिच्यामुळे. रक्कम तुटपुंजी म्हणा हवी तर. पण मारणाऱ्याच्या हातून सुटलेल्या जिवाची किंमत दुसऱ्या कुणी तरी चुकवायची असते, ही गोष्ट तिने सरकारी कागदावर आणली; एवढी अक्कल मी कुठल्याच मोर्च्यात पाहिलेली नाही. कोकणातल्या वेळासलाही हेच घडलं. कासवांची अंडी उकरणाऱ्या गावात २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणा-राहण्याचा पैसा गावात उतरू लागला. पाहणाऱ्याने पाहण्याचे पैसे दिले. केप क्रॉसचा हिशोब याच रीतीने सुटू शकतो असं वाटतं, कारण तिथेही पाहायला येणारे कमी नाहीत. लाटेसाठी दोन विमानं बदलून येणाऱ्याला तर परवडायलाच हवं. दांडक्याचं समर्थन मी करू शकत नाही. जे काम फाटक उघडायच्या आत धुऊन काढावं लागतं, ते करणाऱ्यांनाही ते नीट पटलेलं नसतं.

पण या मतावर मला स्वस्थ बसता येत नाही, त्याला कारण मोरी.

मुशीला आमच्या घरी मोरी म्हणतात. काटा नाही, नुसता कुर्चा. म्हणून दात नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना ती देतात. आणि बाळंतिणीला देतात, दूध यावं म्हणून. गरम पाण्यात बुडवून वरची काचकागदासारखी खरबरीत साल खरवडायची, उग्र वास जायला आंबट सढळ हाताने घालायचं, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावायचं. माझ्या बहिणीच्या दोन्ही बाळंतपणांत आईने दादरच्या बाजारातून मोरी आणली होती. माहेरी आलेल्या लेकीसाठी मुशी मारू नये असं गुजरातेत एक संत सांगत होते, आणि इथे माहेरी आलेल्या लेकीसाठीच मुशी शिजत होती. दोन्ही घरांत माया तेवढीच.

मागे बाजारात गेलो तेव्हा मावशींच्या पाटात मुशीचे दोन वाटे होते. एकात हातभर लांबीची, फावड्यासारख्या चपट्या तोंडाची. ती जात मोठी होऊनही एवढीच राहते. दुसऱ्या वाट्यातली थोडी मोठी, परांच्या टोकांना काळी शाई लागल्यासारखी. ती मी उलटी करून पाहिली. पोटाकडे, छातीच्या दोन परांच्या मध्ये एक बारीक उभी चीर होती, अजून न बुजलेली. नाळेची खूण. ही जात पिल्लं नाळेनेच वाढवते, आणि हे पिल्लू जन्मून फार तर काही आठवडे झाले असतील. वाढलं असतं तर माझ्याहून लांब झालं असतं. म्हणजे लहान दिसत होती ती पुरती वाढलेली, आणि मोठं दिसत होतं ते तान्हं.

"मावशी, ही पिल्लं कशाला आणता? मोठी झाल्यावर धरायला सांगा की."

मावशींनी कोयता पाटावर ठेवला. "मोठी कंची? मोठी मिलली अस्ती तं ही बारकी ईकाला कोन बसला अस्ता?" मग मागच्या गिऱ्हाइकाकडे वळून, "बोल गो बाय, तुला कंचा वाटा देऊ?"

त्या बाईने काळ्या टोकांचा वाटा दाखवला. सून बाळंत झाली होती म्हणे.